पैसा सर्वांचा, भिंत कोणाची?

मार्च १९३३मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट अमेरिकेचे अध्यक्ष झाले तेव्हा त्या देशातला साधारण दर चौथा कामगार बेकार होता. पुढच्या दहा वर्षांत सरकारी पैशाने तिथे जी कामे निघाली त्यांतली धरणे आणि पूल जगाला ठाऊक आहेत. त्याच पैशातून अनेक विद्यापीठांच्या आवारांत ग्रंथालये, वसतिगृहे, प्रयोगशाळा आणि सभागृहे उभी राहिली. त्यांतल्या काहींच्या भिंतींवर बेकार चित्रकारांनी आणि शिल्पकारांनी काम केले. हे मात्र कमी जणांना माहीत असते. या वास्तू आता नव्वदीला टेकल्या आहेत. काही दुरुस्तीला आल्या आहेत, काही चित्रांवर पडदे पडले आहेत आणि एका भित्तिचित्राचा वाद न्यायालयात गेला आहे. तो खर्च योग्य होता का, आणि त्यातून जे उरले त्याचे आज काय करायचे, हे दोन प्रश्न सहसा वेगवेगळे चर्चिले जातात. मला ते एकमेकांत गुंतलेले दिसतात, कारण पहिल्याचे उत्तर नीट दिले की दुसऱ्याचे त्यातूनच निघते. विरुद्ध मत हलके नाही. म्हणून ते पूर्ण बळानिशी पूर्वपक्षात मांडतो आहे. उत्तरपक्ष माझा आहे.

पूर्वपक्ष : तुम्ही इमारतींच्या देखणेपणापासून सुरुवात कराल, म्हणून मी हिशेबापासून करतो. एप्रिल १९३३मध्ये आयोवा राज्यातल्या ले मार्स गावात शेतकऱ्यांच्या जमावाने न्यायाधीशाला न्यायालयातून ओढून बाहेर काढले आणि त्याच्या गळ्यात फास अडकवला. जमिनींवर जप्तीचे हुकूम काढणार नाही, असे वचन त्यांना हवे होते. माणसे या टोकाला गेली होती. आणि वर्षभरातच त्याच राज्यात, एम्स इथल्या शेतकी महाविद्यालयात, दुग्धशाळेच्या इमारतीच्या चौकात भाजलेल्या मातीतल्या गाई घडवायला सरकारने शिल्पकार नेमला! ज्याची जमीन लिलावात गेली त्याला या गाईंचा काय उपयोग? महाविद्यालयात तेव्हा शिकत तरी कोण होते? मोजक्या घरांतली मुले. संकटकाळी सरकारने आधी पोटाची सोय पाहावी, मग मनोऱ्यांची. शिवाय एवढे करून बेकारी हटली नाहीच. १९३७-३८मध्ये पुन्हा मंदी आली आणि खरा रोजगार मिळाला तो महायुद्धाच्या कारखान्यांत. मग या वास्तू म्हणजे फसलेल्या उपायाच्या खुणाच नव्हेत का?

उत्तरपक्ष : ले मार्सची घटना तुम्ही काढलीत ते बरे झाले, कारण तो संताप विसरून या विषयावर बोलताच येत नाही. पण हिशेब करायचा तर पूर्ण करू. महाविद्यालयांच्या बहुतेक मोठ्या इमारती ज्या खात्याकडून आल्या ते पब्लिक वर्क्स अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे पीडब्ल्यूए, जून १९३३मध्ये सुरू झाले. त्याला ३३० कोटी डॉलर मंजूर झाले होते आणि त्याचे प्रमुख हॅरल्ड इकीस हे अंतर्गत व्यवहार खात्याचे मंत्री होते. हे खाते पैसा वाटत सुटले नव्हते. सुरुवातीला मजुरी आणि सामानाच्या खर्चाच्या ३० टक्के, पुढे ४५ टक्के रक्कम अनुदान म्हणून मिळे. बाकीची राज्याने, शहराने किंवा संस्थेने उभी करायची, हवे तर त्यासाठी खात्याकडूनच कर्ज घ्यायचे. म्हणून वसतिगृहांचे प्रस्ताव पुढे आले, कारण खोल्यांच्या भाड्यातून कर्ज फेडता येई. बांधकाम खासगी कंत्राटदार करत आणि इकीस यांचे तपासनीस कंत्राटांचे कागद इतके बारकाईने पाहत की काम रेंगाळते अशी ओरड होती. ही ओरड रास्तही होती. भुकेल्या माणसाला आज काम हवे असते, नकाशे मंजूर होईपर्यंत तो थांबू शकत नाही. म्हणूनच प्रशासक हॅरी हॉपकिन्स यांच्याकडे वेगळी खाती दिली गेली. आधी १९३३-३४च्या हिवाळ्यातले सिव्हिल वर्क्स, मग १९३५पासून वर्क्स प्रोग्रेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे डब्ल्यूपीए. त्यांनी मदतीच्या यादीवरची माणसे थेट कामाला लावली. डब्ल्यूपीएने १९४३पर्यंत सुमारे ८५ लाख लोकांना काम दिले. एका खात्याने टिकाऊ वस्तू पाहिली, दुसऱ्याने तातडीची मजुरी. तुम्ही जो दोष एकाला देता त्याचा उपाय दुसऱ्याने केला होता.

बेकारी हटली नाही, हे अर्धेच खरे आहे. त्या वर्षांचे जे आकडे सर्रास दिले जातात त्यांत डब्ल्यूपीएवर रोज कामाला जाणारा गवंडीसुद्धा बेकार म्हणून मोजलेला असतो. मायकेल डार्बी या अर्थतज्ज्ञाने १९७६मध्ये अशा माणसांना कामावर धरून फेरमोजणी केली, तेव्हा १९३६ची बेकारी सुमारे १७ टक्क्यांवरून सुमारे १० टक्क्यांवर आली. पूर्ण रोजगार युद्धानेच आणला, हे मी नाकारत नाही. पण दहा टक्के आणि सतरा टक्के यांच्यातली दरी म्हणजे लाखो घरांतल्या चुली. आणि महाविद्यालयात शिकत कोण होते, याचे उत्तर ब्रुकलिनमध्ये पाहा. ब्रुकलिन कॉलेज १९३०मध्ये निघाले आणि काही वर्षे भाड्याच्या कचेऱ्यांतून चालले. मिडवुड भागातले त्याचे आवार पीडब्ल्यूएच्या पैशातून उभे राहिले आणि १९३७मध्ये वापरात आले. तिथे शिकवणी शुल्क नव्हते. येणारी मुले बहुतांशी स्थलांतरितांच्या, कष्टकऱ्यांच्या घरची होती. पुढे अमेरिकी काँग्रेसवर निवडून आलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला, शर्ली चिझम, तिथूनच १९४६मध्ये पदवीधर झाल्या. इमारतींच्या जोडीने विद्यार्थ्यांनाही थेट मदत मिळे. नॅशनल यूथ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन त्यांना आवारातच काम देऊन महिन्याला थोडे डॉलर देई. मिशिगन विद्यापीठात आर्थर मिलर महिन्याला १५ डॉलरवर प्रयोगशाळेतल्या उंदरांना खाऊ घालत होते. नाटककार ते नंतर झाले. शिकण्याची संधी मूठभरांची होती, हे तुमचे म्हणणे १९३०साठी खरे आहे. या कामांनी ती मूठ थोडी उघडली.

पूर्वपक्ष : इमारतींचे मी मान्य करतो, निदान काहींचे. पण कलेचे काय? सरकारने पैसा दिला की विषयही सरकार ठरवते. चित्रकारांना ‘अमेरिकेचे जीवन’ हाच विषय सांगितलेला होता. त्यातून काय निघाले ते चित्रकार ग्रँट वुडच्या एम्समधल्या ग्रंथालयाच्या चित्रांत पाहा. नांगर, कणसे, धष्टपुष्ट जनावरे, इस्त्री केल्यासारखे कपडे घातलेले विद्यार्थी. ले मार्सच्या दोराचा मागमूस नाही. ज्या वर्षी सरकार भाव चढावेत म्हणून लाखो डुकराची पिल्ले विकत घेऊन मारत होते, त्याच्या पुढच्याच वर्षी डुकरांच्या तब्येतीचे गोडवे गायले गेले! आणि जिथे चित्रकाराने जास्त बोलायचा प्रयत्न केला तिथे त्याचे तोंड बंद केले. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॉइट टॉवरमध्ये क्लिफर्ड वाइटने कोयता-हातोडा काढला, तर १९३४मध्ये उद्घाटन लांबवून ते चिन्ह पुसले गेले. वास्तुकलेतही धाडस नाही. १९३०च्या दशकात जगभर नवी वास्तुकला घडत असताना ब्रुकलिनमध्ये अठराव्या शतकातल्या विटांच्या घरांची नक्कल केली. टेक्सास विद्यापीठाचा ३०७ फुटी मनोरा तर पुस्तके ठेवायला बांधला. वाचकाने खाली चिठ्ठी द्यायची आणि पुस्तक वरून येण्याची वाट पाहायची. ग्रंथालय म्हणून ती कल्पना पुढे टिकली नाही. सुमार कला आणि भित्री वास्तू यांना नव्वद वर्षे झाली म्हणून त्या थोर होत नाहीत.

उत्तरपक्ष : सगळे थोर आहे असे मी म्हणतच नाही. टेक्सासच्या मनोऱ्याबद्दल तुमचे बरोबर आहे. पॉल क्रेट यांच्यासारखा मोठा वास्तुकार असूनही ग्रंथालय म्हणून ती इमारत गैरसोयीची ठरली. मात्र शैली सरकारने लादली, हे खरे नाही. पीडब्ल्यूएने आराखडे स्थानिक वास्तुकारांवर सोडले होते, म्हणून न्यू मेक्सिको विद्यापीठात जॉन गॉ मीम यांनी पुएब्लो वस्त्यांच्या मातीच्या घरांचा घाट घेतला आणि ब्रुकलिनमध्ये विटा आल्या. कारण काहीही असो, वीट, गिलावा, लाकूड यांत घडणारी वास्तू त्या काळच्या बेकार गवंड्याला, सुताराला, गिलावा करणाऱ्याला हातचे काम देत होती. काच आणि पोलादाच्या इमारतीत त्यांना तेवढे स्थान नव्हते. मीम यांच्या झिमरमन ग्रंथालयाच्या तुळया आणि कोरीव टेकू ज्यांनी घडवले त्यांच्या दृष्टीने ही शैली म्हणजे पगार होता.

कलेबाबत तुम्ही फार महत्त्वाचा प्रश्न विचारला आहे आणि त्यावर थोडे थांबू या. मे १९३३मध्ये जॉर्ज बिडल या चित्रकाराने रूझवेल्ट यांना पत्र लिहिले. दोघे एकाच शाळेत शिकलेले. मेक्सिकोत सरकारने तरुण चित्रकारांना साध्या कारागिराच्या मजुरीवर सार्वजनिक भिंती दिल्या आणि त्यातून एक मोठी चळवळ उभी राहिली, तसे इथे का होऊ नये, असा त्याचा आशय होता. डिसेंबरमध्ये पब्लिक वर्क्स ऑफ आर्ट प्रोजेक्ट सुरू झाला आणि सहा-सात महिन्यांत संपलाही. सुमारे १३ लाख डॉलर खर्चून सुमारे ३,७०० कलावंतांना आठवड्याच्या पगारावर नेमले गेले आणि १५,०००हून अधिक कलाकृती झाल्या. एकीला सरासरी नव्वद डॉलरही पडले नाहीत. आपल्याकडे रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणारा माणूस आधी विणकर होता की लोहार, हे कोणी विचारत नाही. ठराविक काम सर्वांसाठी एकच. अमेरिकेच्या त्या योजनेत मात्र माणसाला आधी येत असलेले काम हीच संपत्ती धरली गेली. चित्रकाराला रस्ता खणायला लावले तर त्याला मजुरी मिळते, पण देशाच्या हातचा एक चित्रकार जातो.

तुमच्या भाजलेल्या गाईंकडे आता परत जाऊ. त्या घडवणारा क्रिस्चन पीटरसन डेन्मार्कमध्ये जन्मलेला आणि त्या हिवाळ्यात याच प्रकल्पातून आयोवात आलेला. आधी तो ग्रँट वुडच्या हाताखालच्या गटात होता, मग एम्सला पाठवला गेला. त्याने दूध-लोण्याच्या जुन्या-नव्या पद्धती मातीत उठावदार कोरल्या आणि त्या भाजायला महाविद्यालयाच्याच सिरॅमिक अभियांत्रिकी विभागाची भट्टी वापरली. प्रकल्पाचा पैसा १९३४मध्येच आटला, तेव्हा महाविद्यालयाने त्याला ठेवून घेतले आणि तो १९५५पर्यंत तिथेच शिकवत, घडवत राहिला. शेतकी आणि अभियांत्रिकी शिकायला आलेल्या मुलांना शिल्पकाराच्या कार्यशाळेचे दार उघडे मिळाले. अमेरिकी महाविद्यालयात कायमचा निवासी शिल्पकार असण्याची प्रथा तिथून सुरू झाली, असे मानले जाते. सहा महिन्यांच्या मदतीतून निघालेले हे काम वीसहून अधिक वर्षे पुरणाऱ्या शिक्षणात बदलले. त्याला कारण म्हणजे त्या मदतीची गाठ एका चालत्या संस्थेशी बांधलेली होती. जिथे ती बांधलेली नव्हती तिथे काय झाले, तेही पाहा. डब्ल्यूपीए बंद होत असताना न्यूयॉर्कच्या फ्लशिंगमधल्या गोदामातले चित्रांचे कॅनव्हास सरकारने रद्दीच्या भावाने काढले. ते कोणाचेच नव्हते, कारण त्यांच्याकडे रोज पाहणारे कोणी नव्हते. महाविद्यालयाच्या भिंतीवरचे चित्र मात्र रोज शेकडो डोळ्यांसमोर असते आणि कोणीतरी त्याच्यावर प्रेम तरी करते किंवा त्याच्यावर चिडते तरी.

आता सेन्सॉरबद्दल. कॉइट टॉवरचे तुम्ही सांगितलेत ते सर्व खरे आहे आणि त्याचे समर्थन मी करत नाही. पण त्याच मोसमात खासगी आश्रयदात्याने काय केले तेही समोर ठेवू. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये चित्रकार दिएगो रिव्हेराने लेनिनचा चेहरा काढला. मे १९३३मध्ये काम थांबवले गेले, मोबदला चुकता केला गेला आणि फेब्रुवारी १९३४मध्ये अख्खे भित्तिचित्र हातोड्यांनी फोडले गेले. भिंत मालकाची होती, त्यामुळे कोणाला विचारायची गरज नव्हती. सरकारी भिंतीवर एक चिन्ह पुसले तरी वर्तमानपत्रे, चित्रकार, नागरिक सगळे भांडायला उभे राहिले आणि बाकीची चित्रे आजही तिथे आहेत. सार्वजनिक पैशाने कला निर्मळ होते, असा माझा दावा नाही. त्या पैशाने कला भांडणाच्या कक्षेत येते, आणि मालकाच्या मनमर्जीपेक्षा ते बरे. ग्रँट वुडच्या चित्रात ले मार्सचा दोर नाही, ही उणीव मला मान्य आहे. त्याने त्या वर्षांतला सर्वांत दुखरा भाग गाळला. पण तुम्ही आज ही उणीव दाखवू शकता, कारण चित्र भिंतीवर आहे आणि त्याच्यासमोर उभे राहून कोणीही विचारू शकतो, इथे काय नाही?

पूर्वपक्ष : मग ज्यांच्यासमोर उभे राहणे माणसाला अवघड जाते त्या चित्रांकडे येऊ. लेक्सिंग्टनमधल्या केंटकी विद्यापीठाच्या मेमोरियल हॉलमध्ये अ‍ॅन राइस ओ'हॅनलन यांनी १९३४मध्ये पब्लिक वर्क्स ऑफ आर्ट प्रोजेक्टच्या पैशातून मोठे भित्तिचित्र केले. त्यात कृष्णवर्णीय माणसे तंबाखूच्या शेतात वाकून राबताहेत, कृष्णवर्णीय वादक वाजवताहेत आणि गोरे नाचताहेत, आणि एक मूलनिवासी कुऱ्हाड घेऊन उभा आहे. हे ज्या विद्यापीठात लागले तिथे १९४९पर्यंत कृष्णवर्णीयांना प्रवेशच नव्हता. म्हणजे कर सर्वांकडून घ्यायचा, कर्ज सर्वांच्या नावावर काढायचे, भिंतीवर त्यांचे कष्ट चितारायचे आणि दारातून मात्र त्यांना आत घ्यायचे नाही. टेक्सासचा मनोरा १९३७मध्ये उभा राहिला आणि हीमन स्वेट यांना तिथल्या विधी विद्यालयात प्रवेश मिळावा म्हणून १९५०मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. तुमच्या लाडक्या झिमरमन ग्रंथालयात केनेथ अ‍ॅडम्स यांच्या चित्रांत गोऱ्या माणसाला चेहरा आहे, डोळे आहेत. मूलनिवासी आणि हिस्पॅनिक माणसांचे डोळेच रंगवलेले नाहीत. वरच्या तुळया ज्यांच्यासारख्या हातांनी कोरल्या त्यांना खाली भिंतीवर नजर नाही! तुम्ही म्हणता हा पैसा सर्वांचा होता. मी म्हणतो, सर्वांचा असल्याचे सोंग होते, आणि त्याचे स्मारक जपायची जबाबदारी आजच्या विद्यार्थ्यांवर का टाकता?

उत्तरपक्ष : तुमच्या साऱ्या बोलण्यात हाच आक्षेप सर्वांत खरा आहे. पैसा सर्वांचा होता आणि दार सर्वांचे नव्हते. या कामांच्या हिशेबात सर्वांत मोठी थकबाकी तिथे आहे. गोऱ्यांसाठी राखीव आवारांत उभ्या राहिलेल्या प्रत्येक इमारतीच्या पायात ती आहे. तिच्याकडे डोळेझाक करून ‘त्या काळी असेच होते’ म्हणणारे रक्षक मला तुमच्याइतकेच नकोसे वाटतात. त्या काळीही सगळे तसे नव्हते. इकीस हे आधी शिकागोमध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी संघटनेच्या शाखेचे अध्यक्ष राहिलेले होते. त्यांच्या खात्याने कंत्राटांत कृष्णवर्णीय कुशल कामगारांना वाटा मिळावा म्हणून अटी घातल्या. त्यांच्याच खात्याच्या पैशातून वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात फ्रेडरिक डग्लस सभागृह आणि १९३९मध्ये फाउंडर्स लायब्ररी उभी राहिली. अल्बर्ट कॅसल या कृष्णवर्णीय वास्तुकारांनी ती लायब्ररी आखली. वर्णभेदाविरुद्धच्या खटल्यांची सराव-सुनावणी हॉवर्डच्या विधी विद्यालयात होई. स्वेट यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात लढवणारे थर्गुड मार्शल १९३३चे तिथलेच पदवीधर. म्हणजे ज्या खात्याने स्वेट यांना बाहेर ठेवणारा मनोरा बांधला त्यानेच ते दार उघडणाऱ्या वकिलांच्या विद्यापीठाला ग्रंथालय दिले. या दोन इमारतींतली एक खरी आणि दुसरी खोटी असे म्हणता येत नाही. दोन्ही मिळून त्या दशकाचे चित्र पुरे होते. एक पाडली तर दुसरीचे मोलही कळेनासे होते.

अ‍ॅडम्स यांच्या चित्रांबद्दल एक दुरुस्ती. ग्रंथालय सरकारी पैशाचे, पण ती चित्रे कार्नेगी संस्थेच्या मदतीतून झाली. डोळे न काढण्याचा तो दोष सरकारी आश्रयाचा खास गुण नव्हता, एवढ्यासाठी हे सांगतो. चित्रांचा बचाव करण्यासाठी नव्हे. ती २०१८मध्ये पडद्याआड गेली, त्याआधी कित्येक दशके विद्यार्थी त्यांच्यावर हल्लाही करत होते आणि चर्चाही.

केंटकीचे चित्र मात्र निराळ्या जातीचे आहे आणि सगळा वाद तिथे येऊन ठेपतो. ओ'हॅनलन या विद्यापीठाच्या माजी विद्यार्थिनी होत्या. चित्र काढले तेव्हा पंचविशीच्या. ते खरे फ्रेस्को आहे, म्हणजे ओल्या चुन्याच्या गिलाव्यात रंग भरलेला. चुना सुकताना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी जुळून दगडासारखा होतो आणि रंग त्यात बंदिस्त होतो. चित्र सहज वेगळे काढून संग्रहालयात नेता येत नाही. काढायचे म्हणजे भिंत फोडायची, किंवा फार खर्चाने भिंतीचा भागच कापून न्यायचा. आता त्या चित्राचा अर्थ पाहा. १९३४मधल्या केंटकीत, जिथे राज्याच्या वैभवाच्या कथेतून गुलामांचे श्रम पद्धतशीर गाळले जात, तिथे या तरुणीने तंबाखूच्या शेतातली वाकलेली माणसे सार्वजनिक भिंतीवर आणली. पण त्यांना दुःख नसल्यासारखे शांत रंगवले, गोऱ्यांच्या नाचाला साथ देणारे म्हणून रंगवले. तुम्ही वुडला गप्प राहिल्याबद्दल दोष दिलात. ओ'हॅनलन बोलल्या, अर्धे बोलल्या, आणि त्या अर्ध्या बोलण्याचा सल आजही टोचतो. माझ्या मते अशा अर्धवट कबुलीजबाबाला झाकण्यापेक्षा त्याच्यापुढे उरलेले बोलणे लिहिणे हे जास्त कठीण आणि जास्त प्रामाणिक काम आहे. तसे लिहिलेही गेले. २०१५मध्ये विद्यार्थ्यांच्या तक्रारींनंतर चित्र झाकले होते. २०१८मध्ये कलावंत कॅरिन ऑलिव्हिएर यांनी त्याच दालनाच्या घुमटाकृती छतावर ‘विटनेस’ ही कलाकृती केली. ओ'हॅनलन यांच्या चित्रातल्या कृष्णवर्णीय आणि मूलनिवासी माणसांना त्यांनी शेतातून आणि नाचाच्या कोपऱ्यातून उचलून वर, सोन्याच्या वर्खावर मांडले. चर्चच्या छतावर संत असतात तसे. खाली पाहा, वर पाहा, आणि मग ठरवा.

पूर्वपक्ष : ठरवा म्हणणे सोपे आहे. तुम्ही त्याच्यासमोरून एकदा जाल. ज्या मुलीचा वर्ग त्या इमारतीत आहे तिला आठवड्यात तीन वेळा जावे लागते. तुमचा इतिहासाचा धडा तिच्या खर्चाने का? आणि जून २०२०मध्ये विद्यापीठाने चित्र काढायचे ठरवले तेव्हा तिच्यासारख्यांचेच ऐकून ठरवले ना?

उत्तरपक्ष : तिच्या खर्चाने मुळीच नाही. याबाबत शेजारच्या इंडियाना विद्यापीठाने केलेली तडजोड मला पटते. तिथे टॉमस हार्ट बेंटनचे एक चित्र आहे. ते इंडियाना राज्याने १९३३च्या शिकागो प्रदर्शनासाठी करवून घेतले होते, केंद्राच्या मदतकार्यातले नव्हे. त्यात पाठीमागे कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेची सभा आहे आणि पुढे तिला उघडे पाडणारा पत्रकार व मुलांची शुश्रूषा करणारी परिचारिका आहे. २०१७मध्ये विद्यापीठाने त्या दालनात वर्ग भरवणे बंद केले. चित्र राहिले, सक्ती गेली. केंटकीतही मेमोरियल हॉलमधून वर्ग हलवणे अवघड नव्हते. पाहणे ही ज्याची त्याची निवड असावी, पाहण्याची शक्यताच मिटवू नये, एवढा फरक मी धरतो आहे.

आणि ठरवायचे कोणी, हाच या लेखातला मूळ प्रश्न आहे. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी ठरवायचे, तर रॉकफेलरचीच रीत झाली, फक्त मालक बदलला. संघराज्याच्या सरकारचे आजही असे धोरण आहे की त्या काळच्या योजनांतली हलवता येण्याजोगी चित्रे-शिल्पे ही संस्थांकडे ठेव म्हणून आहेत, मालकी देशाची. भिंतीत मुरलेल्या फ्रेस्कोला हा नियम तसाच लावता येत नाही, पण त्यामागचा विचार तिथेही लागू होतो. १९३४मध्ये ज्याने कर भरला त्या प्रत्येकाची ती भिंत होती, ज्याला आत येऊ दिले नाही त्याचीही. त्या वगळलेल्या माणसाच्या वारसाला आज निर्णयात जागा देणे म्हणजे थकबाकी फेडणे. त्याचा अर्थ चित्रकारांना मजुरी देऊन नवे काम करवून घेणेही होतो, जसे मूळ योजनेने केले होते आणि जसे ऑलिव्हिएर यांच्याकडून करवून घेतले गेले. लेखक वेंडेल बेरी आणि ओ'हॅनलन यांच्या भाची असलेल्या त्यांच्या पत्नी टान्या २०२०च्या जुलैमध्ये चित्र वाचवण्यासाठी न्यायालयात गेले. आप्तांचे प्रेम म्हणून तुम्ही त्यांचे म्हणणे बाजूला ठेवाल, तर ठेवा. पण चित्र काढण्याला ऑलिव्हिएर यांनीही उघड विरोध केला, आणि त्यांना बाजूला ठेवता येणार नाही. त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या या कृष्णवर्णीय कलावंताने छतावर जी माणसे आणली ती खालच्या भिंतीवरून आणली आहेत. भिंत गेली तर ती कुठून उठून वर गेली हे कोणाला कळणार नाही, आणि चित्राला दिलेले त्यांचे उत्तर प्रश्नाविना उरेल. विद्यार्थ्यांचे ऐकून निर्णय झाला असे तुम्ही म्हणता. त्या निर्णयाने जिचा आवाज सर्वांत आधी बंद होणार होता ती हीच स्त्री होती.